ऐकणाऱ्याची खुर्ची

माझं शिक्षण आठवी. पुण्यात हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. कुणी विचारलंच तर सांगतो, आणि सांगताना दुसरीकडे बघतो. आजवर ते ऐकून "छान" म्हणणारं एकच माणूस भेटलं, ते म्हणजे आमच्या विभागातल्या मॅडम.

विभाग वनस्पतिशास्त्राचा. विद्यापीठाची एम.एस्सी.ची मुलं तिथे शिकतात. सकाळी प्रयोगशाळा उघडायची, काचेची भांडी धुऊन उपडी घालायची, मागच्या कुंड्यांना पाणी घालायचं, संध्याकाळी खिडक्या लावायच्या, हे माझं काम. कागदावर मी मदतनीस, मुलांचा मामा. नोकरी कंत्राटी. त्यामुळे शिक्षणाची चौकशी झाली की मला आधी नोकरी आठवते. आता कुठला दाखला मागतात कोण जाणे.

त्या दिवशी वर्गातला पंखा कुरकुरत होता म्हणून मला बोलावलं होतं. मॅडमचा तास चालू होता. इंग्रजीतले शास्त्रीय लेख कसे वाचायचे, याचा तास. असा तास असतो हेच मला नवीन होतं. मला वाटायचं, एवढी शिकलेली मुलं, यांना वाचता येतंच असणार. आणि येत होतं की. मोठ्यानं वाच म्हटलं की फाडफाड वाचायची. मॅडमचं म्हणणं, हा नुसता उच्चार झाला, वाचणं अजून व्हायचंय.

मुलांची वाचायची रीत मी रोजच बघत होतो. लेखाचं झेरॉक्स काढायचं आणि पहिल्या शब्दापासून पेन्सिल लावायची. प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मराठी अर्थ. पहिलं पान मुंग्या लागल्यासारखं काळं व्हायचं, दुसऱ्यावर मुंग्या कमी, तिसरं कोरं. काही मुलं सगळा लेख मोबाइलला खाऊ घालायची आणि तो जे मराठी ओकेल ते वाचायची. त्यात एकदा "पेशींची संस्कृती" असं आलं होतं. मला वाटलं, पेशींनाही सणवार असतील. एका मुलानं समजावलं की काचेच्या बशीत पेशी वाढवतात, तेवढंच आहे ते. बशा तर मीच धुतो.

मॅडमची रीत उलटी. पहिलं पान झाकायचं. नाव नाही, सारांश नाही, शब्दकोश दप्तरात. आधी नुसत्या आकृत्या बघायच्या आणि काय दिसतंय ते आपल्या भाषेत सांगायचं. मग लेख लिहिणाऱ्यांनी नक्की काय केलं तो भाग. मग काय मिळालं. आणि सगळ्यात शेवटी त्यांचं म्हणणं काय, ते. मुलांना ही रीत आवडत नव्हती. पहिलं पान झाकून लेख वाचणं म्हणजे त्यांना देवळात मागच्या दारानं शिरल्यासारखं वाटायचं.

वाचून झालं की ते दुसऱ्याला सांगायचं. इथे घोडं अडलं होतं. मुलं एकमेकांना सांगत होती आणि एकमेकांना सगळं समजत होतं. माना हलत होत्या. मॅडम त्या हलणाऱ्या मानांकडे बघत होत्या. मी स्टुलावरून खाली उतरलो तेव्हा त्यांनी मला विचारलं,

"मामा, तुमचं शिक्षण किती?"

"आठवी," मी म्हटलं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "बसा इथे."

आणि त्यांनी पुढची एक खुर्ची वर्गाकडे तोंड करून फिरवली.

त्यांची कल्पना अशी होती. दर गुरुवारी एका विद्यार्थ्यानं आपण वाचलेला लेख मला मराठीत सांगायचा, हातात कागद न घेता. मग मी तो वर्गाला परत सांगायचा. मी बोलत असताना त्या विद्यार्थ्यानं तोंड उघडायचं नाही. गुण द्यायचे ते माझ्या सांगण्यावरून. जिथे मला समजलं नसेल तिथे मी थांबायचं आणि तसं म्हणायचं. बास. आणि ज्याचा लेख माझ्यापर्यंत नीट पोचला नाही त्याला प्रकल्पासाठी प्रयोगशाळेत स्वतःचा ओटा, म्हणजे प्रयोगाची जागा, नाही. त्यानं ग्रंथालयात बसून प्रकल्प करायचा.

मी म्हटलं, मॅडम, माझ्या चुकीनं मुलांचं नुकसान होईल. त्या म्हणाल्या, "तुमची चूक होऊच शकत नाही, म्हणून तर तुम्हाला बसवलंय." मॅडम नारायण पेठेतल्या. त्यांच्या बोलण्यात कौतुक किती आणि टोला किती हे घरी जाऊन शोधावं लागतं. पण त्या मला अहो-जाहो करतात, आणि वर्गात, मुलांसमोर, पंख्याखाली मला खुर्ची देतात, हे मी विसरत नाही. आधी कारखान्यात होतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीतही उभ्यानंच खायचो.

मी मूळचा भंडाऱ्याकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. सुटली म्हणजे कुणी सोडवली नाही, मीच जायचं बंद केलं. गुरुजी विचारायचे, समजलं का, आणि सगळा वर्ग एका सुरात हो म्हणायचा. इंग्रजीच्या तासाला मी सगळ्यांत मोठ्यानं हो म्हणायचो, म्हणजे गुरुजी पुढे सरकायचे. असं हो म्हणत म्हणत एक दिवस पुस्तक उघडलं तर त्यात आपलं म्हणावं असं काहीच राहिलं नव्हतं. मग गावाजवळच्या राइस मिलमध्ये लागलो. लग्नानंतर मेहुण्याच्या ओळखीनं इकडे कारखान्यात, आणि कारखाना बंद पडल्यावर इथे. आता वारज्यात राहतो. गावाकडे वर्षातून एकदा जाणं होतं, तेही जमलं तर.

तर अशा माणसाला लेख ऐकायला बसवलं.  पहिल्या गुरुवारी एक मुलगी कुठल्याशा बुरशीबद्दल सांगत होती आणि मी तिच्या ओठांकडे बघत होतो. परत सांगायची वेळ आली तेव्हा निम्मं आठवलं, निम्मं सुटलं. तिला गुण कमी पडले. ती मला काही बोलली नाही, उलट "थँक्यू मामा" म्हणाली, त्यानं तर आणखीच वाईट वाटलं. घरी जाऊन बायकोला म्हटलं, हे काम आपल्याला झेपणारं नाही. ती म्हणाली, भांडी फुटली तर पगार कापतील, लेख फुटला तर काय कापणार?

दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा भांडी धुण्याच्या खोलीत आला. खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातला, रोज मोटारसायकलवर येणारा, बोलायला मोकळा. म्हणाला, "मामा, टेन्शन घेऊ नका. उद्याचा माझा लेख आजच सांगून ठेवतो. लय सोपा हाय." मला ते पटलं. शाळेतही परीक्षेआधी उजळणी असतेच. हीही तशीच असेल, असं मी धरलं. त्यानं लेख सांगितला, मी म्हणून दाखवला, त्यानं चुका सुधारल्या, मी परत म्हणून दाखवला. बसमध्ये बसून वारज्यापर्यंत मनात घोळवला. दुसऱ्या दिवशी वर्गात मी तो असा सांगितला की मुलांनी टाळ्या वाजवल्या.

झालं. त्यानंतर बुधवारी दुपारी माझ्याकडे मुलं येऊ लागली. कुणी येताना वडापाव आणायचं. मी चंबू घासत ऐकायचो आणि घासतच पाठ करायचो. पानांवरची रंध्रं, मुळांवरच्या गाठी, दवात भिजणारं शेवाळ. मला त्यातलं कळत होतं का? थोडं कळत होतं, बरंचसं पाठ होत होतं. पण कळल्यासारखं वाटायचं, आणि त्या वाटण्याचीच मजा होती. बायको म्हणायची, हल्ली झोपेतही पुटपुटता, कुठलं स्तोत्र धरलंय?

सलग काही गुरुवार सगळ्यांना उत्तम गुण पडले.  मॅडम नुसत्या चष्मा पुसायच्या.

उघड पडलं ते त्याच खडकवासल्याच्या मुलाच्या दुसऱ्या खेपेला. लेख पानं गळण्याबद्दल होता. बुधवारी त्यानं मला छान सांगितला होता, शेवटच्या आकृतीपर्यंत. गुरुवारी वर्गात मात्र तो मध्येच अडखळला, घाम पुसला, आणि शेवटची आकृती विसरूनच गेला. खाली बसला. माझी पाळी आली. मी सुरुवात केली आणि पाठ केलेलं घडाघडा म्हणत गेलो, आकृतीसकट. त्यात सावलीतल्या फांद्यांची पानं उशिरा गळाली होती, तेही.

वर्ग शांत झाला. मला वाटलं, आज जरा जास्तच छान झालं.

मॅडम म्हणाल्या, "वा. यांनी न सांगितलेलंही मामांना समजतं. मग यांची फी कशाला घ्यायची?"

मुलगा खाली मान घालून हसत होता. मला उमगायला थोडा वेळ लागला. मी उभा राहिलो आणि बुधवारचं सगळं सांगून टाकलं. वडापावसुद्धा. मॅडम माझ्यावर रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुम्हाला बसवलं तेव्हा आधी ऐकायचं नाही हे सांगायला हवं होतं, ते माझं राहिलं. मग वर्गाकडे वळल्या. म्हणाल्या, बारावीपर्यंत तुम्ही पाठ केलंत, तिथवर मी समजू शकते. इथे आता तुम्ही माणसं लावून पाठ करून घेताय.

नवा नियम असा झाला की लेख मॅडम त्याच दिवशी सकाळी देणार, कुणी न वाचलेला. विद्यार्थी प्रयोगशाळेत एकटा बसून वाचणार आणि तिथून थेट वर्गात येणार. आणि पुढचा गुरुवार होता गोंदियाच्या मुलीचा.

या मुलीबद्दल आधीच सांगायला हवं होतं. ती आमच्या भागातली, गोंदियाच्या पुढच्या एका खेड्यातली. पहिल्या आठवड्यात तिनं मला मामा न म्हणता "मामाजी" म्हटलं, तेव्हाच मी ओळखलं. इतकी वर्षं पुण्यात राहून माझी बोली घरात बायकोपुरती उरली होती. तिच्याशी बोलताना ती परत तोंडात आली. काहून, कायले, जाऊन रायलो. भांडी धुण्याच्या खोलीत आम्ही दोघं असंच बोलायचो आणि कुणी आलं की दोघंही पुणेरी व्हायचो.

ती हुशार होती, पण इंग्रजी लेखाला घाबरायची. तिच्या कागदावर मुंग्या सगळ्यांत जास्त, तिसऱ्या पानावरसुद्धा. पहिल्या गुरुवारी बुरशीच्या लेखाला कमी गुण पडले ती हीच. ती प्रयोगशाळेसाठी एवढ्या लांब आली होती. तिच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक होते, पण कपाटात. मुलांनी ते काचेतून बघायचे. इथे ओटा मिळाला नाही आणि वर्षभर ग्रंथालयात बसावं लागलं, तर ती सत्र संपताच परत जाणार होती. वडिलांनी गावाजवळच्या शाळेत शब्द टाकून ठेवला होता. शिकवायला कोणी नाही, ये म्हणत होते. ती म्हणायची, "बाबा वाईट नाहीत सांगून रायले. ओटा नाही भेटला तर मी इथं राहून काय करू?"

बुधवारी ती खोलीत आली. पाठ करायला काही नव्हतंच. मी परीक्षानळ्या पुसत होतो, ती मांडून ठेवत होती.  मग म्हणाली,

"मामाजी, उद्या काही बी सांगा. पण मधातच थांबू नका."

मी म्हटलं, नाही थांबणार. म्हणताना मला खरंच तसं वाटत होतं. थांबायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. अधलंमधलं निसटलं की मी आपलं आठवेल ते जोडून पुढे जायचो. थांबण्याचा नियम मॅडमनी केला होता, तो मी वापरलेला नव्हता.

गुरुवारी सकाळी मॅडमनी तिला लेख दिला. मी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं आणि बाहेर बसून राहिलो. काचेतून ती दिसत होती. पहिलं पान तिनं वहीखाली झाकलं होतं. पेन्सिल हातात होती, पण चालत नव्हती. एकदा तिनं माझ्याकडे पाहिलं. मी उगाच मान डोलावली.

वर्गात ती माझ्यासमोर उभी राहिली आणि सांगू लागली. पुस्तकी मराठीत, एकेक शब्द तोलून. लेख हरभऱ्याच्या बियांबद्दल होता. शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या शेवाळाचा अर्क काढला. हरभऱ्याचं बी त्या अर्कात रात्रभर भिजवलं. मग ते कुंडीत पेरलं. ते लवकर उगवलं, त्याची मुळं लांब झाली, पानं हिरवीगार आली. यावरून हा अर्क शेतीला उपयोगी आहे. एवढं झाल्यावर तिनं श्वास सोडला. छान सांगितलं होतं. मला सगळं लक्षात राहिलं होतं.

मी सुरुवात केली. शेवाळ, अर्क, रात्रभर भिजवणं, कुंडी. "मग ते लवकर उगवलं," असं म्हटलं आणि पुढचा शब्द तोंडाशी आला असताना माझ्या डोळ्यांसमोर ती कुंडी आली. एकटीच. एका कुंडीत उगवलेलं बी लवकर आलं की उशिरा, हे मी कशावरून सांगतोय, ते मलाच सापडेना. आदल्या आठवड्यात मी पानं गळायचं पाठ केलं होतं, त्यात सावलीतली आणि उन्हातली अशा दोन फांद्या होत्या, म्हणून ते म्हणता येत होतं. इथे एकच कुंडी होती. पुढचं म्हणून टाकता आलं असतं. मुळं, पानं, शेती, सगळं तयार होतं. पोरीची नजर माझ्यावर होती. थांबू नका म्हणाली होती.  शाळेत मी मोठ्यानं जे म्हणायचो ते आता नुसतं पुढे जाऊन म्हणता येणार होतं, आणि कुणाला कळलंही नसतं.

"कशापेक्षा लवकर, ते मला समजलं नाही," मी म्हटलं, आणि थांबलो.

माझा आवाज मलाच परका वाटला. मुलीचा चेहरा उतरला. तिनं ओठ घट्ट मिटले. नियमाप्रमाणे तिला बोलता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "लेख बघा परत. चालेल."

तिनं कागद उघडला. आकृतीचं पान काढलं. त्यावर तीन रेषा होत्या, हे मलाही खुर्चीतून दिसत होतं. एक जाड, दोन बारीक. तिनं सांगितलं ते जाड रेषेचं. बाकीच्या दोन तिनं सोडल्या होत्या. का, असं मॅडमनी विचारलं. तर तिनं हळू आवाजात सांगितलं की त्या कुंड्यांना काही केलंच नव्हतं. एकीतलं बी नुसत्या पाण्यात भिजवलेलं, एकीतलं कोरडंच पेरलेलं. काही केलंच नाही तर त्यात सांगायचं काय, असं तिला वाटलं.

वर्गात कुणी हसलं नाही. मला वाटतं, निम्म्या वर्गानं आपापल्या लेखात तेच केलं होतं.

तोवर तास संपला. मॅडमनी गुणांच्या रकान्यात काही लिहिलं नाही. आज एवढंच, म्हणाल्या आणि गेल्या. मुलगी कागद घेऊन माझ्या शेजारून गेली. दाराशी वळली. तिथेही सगळ्यांसमोर ती आमच्या बोलीत बोलली, इतकी ती दुखावली होती.

"काहून थांबले, मामाजी? थांबू नका म्हटलं होतं ना मी."

त्या रात्री मी धड जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर सांगितलं, एका पोरीला परत पाठवायची व्यवस्था करून आलोय. ती म्हणाली, तुम्ही खोटं बोलला असता तर ती राहिली असती का? मी म्हटलं, हो, राहिली असती, तेच तर. त्यावर तिनं वरणाचं भांडं पुढे सरकवलं.

शुक्रवारी मुलगी विभागात आली नाही. मी दोनदा वसतिगृहाच्या बाजूनं चक्कर मारली, आत जायचं कारण नव्हतं. खडकवासल्याच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "हाय हॉस्टेलवरच. दार लावून बसलीय." मॅडमना विचारायची हिंमत झाली नाही. मनातल्या मनात मी तिचं सामान बांधलं, गाडीत बसवलं, नागपूर ओलांडलं.

शनिवारी दुपारी ती आली. मी कुंड्यांपाशी होतो. तिचे डोळे जागलेले होते. नमस्कार वगैरे काही नाही. कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, ऐका. मी पाण्याची झारी खाली ठेवली.

या खेपेला तिनं सगळं आमच्या बोलीत सांगितलं. त्या माणसांनी तीन परीचं बी केलं. एक शेवाळाच्या अर्कात भिजवलं, एक सादं पाण्यात भिजवलं, एक कोरडंच ठेवलं. तिन्ही एकाच मातीत, एकाच उन्हात. कोरडं बी मागं राहिलं, लय मागं. पण पाण्यातलं आणि अर्कातलं, मामाजी, दोघं जोडीजोडीनंच निंघाले. अर्काचं थोडंसं पुढं, बोटभर बी नाही. म्हणजे जी करामत आहे ती जास्त करून भिजवण्याची आहे, शेवाळाची थोडी. आणि हे त्या लोकांनी लिहिलंय, लपवलं नाही, पण पार मागच्या पानावर, एका ओळीत. समोर मोठ्या अक्षरात सारं शेवाळच आहे.

ती थांबली. मी परत सांगितलं. घाबरत सुरू केलं, पण कुठे अडलो नाही, कारण अडण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. मी काही पाठ केलं नव्हतं. तीन कुंड्या समोर दिसत होत्या आणि मी त्यांच्याकडे बघून बोलत होतो.

ती म्हणाली, तिनं दोन दिवस पहिलं पान वाचलंच नाही. आकृती बघायची आणि ती ओळ शोधायची. पेन्सिलीला हात लावला नाही. ती ओळ सापडली तेव्हा पहाटेचे कावळे ओरडत होते. मग कट्ट्यावरूनच उठून ती मॅडमकडे गेली. मी कुंड्यांपाशीच राहिलो. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दार बंद होतं. बराच वेळ बंद होतं.

मॅडम बाहेर आल्या त्या एकट्याच. माझ्याजवळ आल्या, कुंडीतलं एक वाळलेलं पान खुडलं आणि म्हणाल्या,

"मामा, सोमवारी खिडकीकडचा ओटा रिकामा करून ठेवा. तिला लागेल."

मी विचारलं, म्हणजे गुण पडले का तिला. त्या म्हणाल्या, गुरुवारचे नाही पडले. गुरुवारी तिला लेख समजला नव्हता, ते तुम्ही सगळ्या वर्गासमोर सिद्ध केलंत. ओटा आजच्यासाठी देतेय. आणि जाता जाता म्हणाल्या, खुर्ची कुणाला देऊ नका, पुढच्या वर्षीही लागणार आहे. कंत्राटाचं नूतनीकरण उन्हाळ्यात असतं. ते मॅडमच्या हातात नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी मी बसमध्ये खिडकीशी बसून वारज्यापर्यंत नुसता बाहेर बघत गेलो.

सोमवारी मी ओटा पुसला, नळाचा वायसर बदलला. मुलगी आली आणि तिनं आधी ओट्यावर हात फिरवून पाहिला. मग फोन काढून घरी लावला. माझ्यासमोरच. नाही बाबा, मी येऊन नाही रायली. ओटा भेटला. दिवाळीले येईन, पण परत येईन. पलीकडून बरंच काही विचारलं जात होतं आणि ती हूं, हूं म्हणत होती. मग म्हणाली, इथं आपल्याकडचे एक मामाजी आहेत, त्यांनाच विचारा, आणि तिनं फोन माझ्या ओल्या हातात दिला.

वडिलांनी मला रामराम केला. गाव कोणतं, घराणं कोणतं विचारलं. मग जरा दम घेऊन म्हणाले, म्हणजे पोरगी आता येत नाही.

मी म्हटलं, नाही येत. काम लागलं तिचं. चांगलं काम आहे.

 त्यांच्या मागे कुठेतरी गाय हंबरली. मला वाटलं, आता हे विचारतील, कसलं काम, आणि मला तीन कुंड्या सांगाव्या लागतील. मी मनातल्या मनात त्या मांडूही लागलो. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच.

"तिकडे तांदूळ कसा भेटते?"

मी खरं सांगितलं. महाग भेटते, आणि आपल्यासारखा नाही.

"मंग पाठवतो," ते म्हणाले. "तुमच्यासाठी बी पाठवतो."